औषधाचा लवाजमा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी नाका ओलांडून तलासरीत शिरतो आणि आच्छाडला गुजरातच्या हद्दीला भिडतो. पश्चिम रेल्वेचा रूळ डहाणू रोड, घोलवड करत त्याच दिशेला जातो. बुलेट ट्रेनचा मार्ग याच पट्ट्यातून आखलाय. वाढवणच्या ज्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, तेही याच किनाऱ्यावर. वेगानं जाणारं सगळं इथून उत्तर-दक्षिण जातं. आजारी माणसाला मात्र आडवं जायचं असतं. आधी डोंगराकडच्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून कासा, डहाणू किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत. तिथूनही ‘पुढे न्या’ म्हटलं, तर वापी, वलसाड नाहीतर सिल्वासा.

या आडव्या वाटेवर सगळ्यात कमी वेळ ज्या दुखण्यात हाताशी असतो, त्यांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव येतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असतं. वार पडल्यावर पिशवी आवळली गेली नाही, तर उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्यांतून ते वाहून जातं. दोन तासांत जीव जाऊ शकतो. मुळातच अंगात रक्त कमी असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. डहाणू-तलासरीत त्याच्या जोडीला सिकलसेलही आहे.

अशा वेळी औषधच दुखण्याच्या जागी चालत गेलं तर? शरीरात आपल्या बळावर पुढे सरकणाऱ्या औषधांवर जगभर जे काम चाललंय, त्याचं कौतुक मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘रक्तातले रोबो’ अशा मथळ्याखाली छापून येतं. ते सगळं काम या दोन तालुक्यांत उभं राहून पाहिलं, तर कौतुकाचा क्रम बदलतो. इथून पाहताना एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो: शरीराच्या आत स्वतः चालणारं हे औषध शरीराबाहेर किती लवाजमा मागतं?

चुनखडी, आम्ल आणि बुडबुडे

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आहे. तिथले ख्रिश्चन कास्ट्रप आणि त्यांचे सहकारी नेमक्या रक्तस्रावाच्या अडचणीशी झगडत होते. रक्त थांबवणारं औषध जखमेवर टाकलं, तरी बाहेर येणारी धार ते धुऊन नेते. रक्त जिथून फुटलंय ती जागा खोल असते आणि तिथं पोचायचं तर प्रवाहाच्या उलट जावं लागतं. २०१५ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात त्यांनी आपला उपाय मांडला.

त्यांची पूड कॅल्शियम कार्बोनेटच्या सच्छिद्र कणांची आहे. खडू, संगमरवर, समुद्रातले शिंपले हे सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. या कणांसोबत आम्लाच्या रूपात ठेवलेलं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध असतं. दोघांना ओल लागली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटतात. पित्तावरच्या सोड्याची पुडी पाण्यात टाकल्यावर जे फसफसतं, तीच ही क्रिया. त्या बुडबुड्यांच्या रेट्यानं कण इकडेतिकडे फेकले जातात, वर उचलले जातात, आजूबाजूच्या द्रवालाही ढवळतात. पाण्यासारख्या द्रवात त्यांचा वेग सेकंदाला दीड सेंटिमीटरपर्यंत गेला. कणांवर थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन बसवलं होतं. जखमेतल्या रक्तवाहिन्यांत ते काही मिलिमीटर आतवर पोचलं आणि उंदरांत व डुकरांत जोरदार रक्तस्राव थांबला.

काही मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटेल, पण रक्तस्रावात तेवढंच अंतर निर्णायक असतं. शिवाय या पुडीला बॅटरी लागत नाही, चुंबक लागत नाही, क्ष-किरणांचा पडदा लागत नाही आणि ती चालवायला अभियंताही लागत नाही. इंधन तिच्यातच आहे आणि ते सुरू करायला लागणारी ओल जखमेत आहे.

गिळलेला शल्यविशारद

या कल्पनेची वंशावळ साधारणपणे २९ डिसेंबर १९५९ पासून सांगतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अतिसूक्ष्म यंत्रांबद्दल व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी अल्बर्ट हिब्ज या आपल्या मित्राची एक कल्पना ऐकवली: शल्यविशारदच गिळून टाकता आला तर? १९६६ साली ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ या हॉलिवूडपटात अख्खी पाणबुडी लहान करून माणसाच्या रक्तात सोडली गेली.

प्रत्यक्षात गिळण्याजोगं यशस्वी यंत्र निघालं ते पाहणारं. इस्रायलमधले अभियंते गॅव्रिएल इदान यांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल घडवली. २००० साली तिच्याबद्दल ‘नेचर’मध्ये लिहून आलं आणि २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड अशी ही कॅप्सूल सेकंदाला दोन छायाचित्रं टिपत सुमारे आठ तास लहान आतड्यातून जाते. पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रं जमतात. पण ती स्वतः चालत नाही, आतडं तिला ढकलतं. आता अशी कॅप्सूल आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मिळते. ती छायाचित्रं साठवणारं यंत्र रुग्णाच्या कमरेला बांधतात आणि नंतर ती पाहायला तज्ज्ञाला बसावं लागतं. म्हणजे लवाजमा आलाच.

स्वतः चालणं अवघड का, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ सालच्या एका व्याख्यानात समजावलं. ते व्याख्यान पुढच्या वर्षी छापून आलं आणि आजही या विषयात शिरणाऱ्याला पहिल्यांदा तेच वाचायला देतात. आकार जिवाणूएवढा झाला की पाणी पाण्यासारखं वागत नाही. तिथं चिकटपणाचं राज्य असतं आणि वेगाची पुंजी साठत नाही. वल्हवणं थांबवलं की नाव त्याच क्षणी थांबते. अशा ठिकाणी उघडझाप करून पोहणारा शिंपला जागचा हलणार नाही. उघडताना जितका पुढे जाईल, मिटताना तितकाच मागे येईल. म्हणून जिवाणू शेपटी मळसूत्रासारखी फिरवतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनीही दोन वाटा धरल्या. एक मळसूत्राची, जिथं फिरवणारं बळ बाहेरच्या चुंबकाचं असतं. दुसरी रसायनाची, जिथं बुडबुडे किंवा विद्युतभाराचा फरक कणाला पुढे ढकलतो.

रसायनाच्या वाटेवर २००४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात आयुष्मान सेन आणि थॉमस मॅलुक यांच्या गटानं सोनं-प्लॅटिनमच्या, दोन मायक्रोमीटर लांबीच्या कांड्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चालवून दाखवल्या. पण हायड्रोजन पेरॉक्साइड हे जखमा धुवायचं औषध. ते रक्तात सोडता येत नाही. मग शरीरातच जे आहे त्याचं इंधन करता येईल का, याचा शोध सुरू झाला. सॅन दिएगोच्या जोसेफ वांग यांच्या गटानं जस्ताच्या सूक्ष्म नळ्या उंदराच्या जठरात सोडल्या. जठरातल्या आम्लाशी जस्ताची क्रिया होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघाले आणि नळ्या जठराच्या अस्तरापर्यंत जाऊन रुतल्या. २०१७ साली याच गटानं मॅग्नेशियमच्या कणांवर क्लॅरिथ्रोमायसिन बसवून उंदरांच्या जठरातल्या जिवाणूंवर मारा केला. बार्सिलोनाच्या सॅम्युएल सांचेझ यांच्या गटानं लघवीतला युरिया हेच इंधन केलं. किरणोत्सारी आयोडीन वाहणाऱ्या त्यांच्या नॅनोकणांच्या एकाच मात्रेनं उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठी ९० टक्क्यांनी आक्रसल्या, असं जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालं.

तळेगावचं रॉकेट

या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. २०१५ साली, म्हणजे कास्ट्रप यांच्या पुडीच्याच वर्षी, ‘नॅनोस्केल’ या नियतकालिकात शाश्वत बॅनर्जी, जयंत खांदारे आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. काम पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित गटाचं. त्यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांपासून सूक्ष्म रॉकेटं बनवली. आतल्या बाजूला लोहाच्या ऑक्साइडचे कण आणि बाहेरच्या अंगावर ट्रान्स्फेरिन हे लोह वाहून नेणारं प्रथिन. कर्करोगाच्या पेशी झपाट्यानं वाढतात, त्यांना लोह जास्त लागतं आणि म्हणून त्या ट्रान्स्फेरिनला पटकन धरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमधून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत ही रॉकेटं धावतात, कर्करोगाच्या पेशींना चिकटतात आणि मग चुंबकानं त्या पेशी वेगळ्या काढता येतात.

इंधनाची अडचण या गटानं मोठ्या शहाणपणानं सोडवली. रॉकेट शरीरात पाठवण्याचा हट्टच धरला नाही. माणसाचं रक्त काढून परीक्षानळीत घेतलं आणि शोध तिथं लावला. धावणारं यंत्र शरीराबाहेर वापरलं तर धोका कमी होतो आणि कामही होतं.

मळसूत्राच्या वाटेवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अंबरीष घोष आहेत. काचेसारख्या पदार्थाची, केसाच्या जाडीच्या मानानं कितीतरी बारीक मळसूत्रं त्यांनी पीर फिशर यांच्यासोबत २००९ साली चुंबकीय क्षेत्रानं फिरवून दाखवली. पुढे त्यांच्या गटानं त्यांना फेराइटचा लेप देऊन माणसाच्या रक्तात चालवलं. आता त्याच संस्थेतून निघालेली थेरानॉटिलस ही कंपनी हे तंत्र दातांकडे नेते आहे. दाताच्या आतल्या सूक्ष्म नलिकांत चुंबकानं कण ढकलून त्या बुजवायच्या आणि दात आंबण्याची कळ थांबवायची, हा तिचा बेत. दात निवडण्यात व्यवहार दिसतो. तोंड उघडं असतं, अंतर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं आणि चुंबक हातात धरता येण्याएवढा लहान चालतो.

चुंबकाची खोली

याच्या दुसऱ्या टोकाला झुरिकचं काम आहे. ब्रॅडली नेल्सन यांच्या गटानं नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जिलेटिनच्या एका इवल्या गोळीबद्दल लिहिलं. तिच्यात चुंबकाला दाद देणारे लोहाचे कण आहेत, क्ष-किरणांत दिसावी म्हणून टँटलम आहे आणि औषधही आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर तिथवर गोळी चालवत न्यायची, तापवून विरघळवायची आणि औषध सोडायचं. डुकरांवर आणि मेंढीवर हे करून पाहिलंय. तंत्र थक्क करणारं आहे. पण त्यासाठी विद्युतचुंबकांची खोली, क्ष-किरणांचं सततचं चित्रण, रक्तवाहिनीत नळी सरकवणारा डॉक्टर आणि अखंड वीज लागते. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात हे येईलही. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात येण्याचं कारण नाही. तिथल्या पक्षाघाताच्या रुग्णाला आधी त्या खोलीपर्यंत न्यावं लागेल, म्हणजे पुन्हा आडवी वाट आलीच.

याउलट मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट लँगर आणि जोव्हानी ट्रॅव्हर्सो यांच्या गटानं २०१९ साली केलेली इन्सुलिनची कॅप्सूल पाहा. आफ्रिकेतलं एक कासव उलटलं तरी पाठीच्या घुमटामुळे आपोआप सुलटं होतं. या वाटाण्याएवढ्या कॅप्सूलला तोच घाट दिलाय. जठरात कशीही पडली तरी ती बूड खाली करून बसते. आत एक स्प्रिंग साखरेच्या चकतीनं दाबून धरलेली असते. जठरातला ओलावा लागून साखर विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुकवलेल्या इन्सुलिनचं टोक जठराच्या भिंतीत घुसतं. हे प्रयोग डुकरांवर झालेत. इथंही बॅटरी नाही, चुंबक नाही. बुद्धी सगळी घाटात आणि साखरेच्या चकतीत भरली आहे.

चुनखडीची पूड आणि कासवाची कॅप्सूल एका जातीच्या आहेत. प्रयोगशाळेत डोकं भरपूर चालवायचं, म्हणजे रुग्णाच्या उशाशी कमी सामान लागतं. प्रसिद्धी मात्र बहुधा दुसऱ्या जातीला मिळते, कारण तिच्यात पडदा असतो आणि पडद्यावर काहीतरी फिरताना दिसतं.

बेळगावची प्लास्टिकची पिशवी

लवाजम्याची ही कसोटी बाळंतपणाच्या खोलीत नवी नाही. गर्भपिशवी आवळायला द्यायचं ऑक्सिटोसिन शीतपेटीत २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि वीज गेली की त्याचा भरवसा कमी होतो. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांकडे लक्ष गेलं. बेळगाव जिल्ह्यात १,६२० बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. ग्रामीण परिचारिकांनी बाळंतपणानंतर लगेच गोळ्या दिल्यावर जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. गोळीला ना शीतपेटी लागते ना सुई.

त्याच बेळगावात, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या गटानं परदेशी सहकाऱ्यांसोबत बाईच्या कमरेखाली अंथरायची मापाच्या खुणांची प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. नुसत्या डोळ्यांनी रक्ताचा अंदाज केला तर तो पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो, हे त्यांनी दाखवलं. रक्त किती गेलं हेच कळलं नाही, तर औषध उशिरानं दिलं जातं. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत अशी खुणांची पिशवी आणि तिच्याबरोबर सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत तपासली गेली. तीव्र रक्तस्राव आणि त्यातून येणारी गंभीर संकटं ६० टक्क्यांनी घटली. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोष्टही याच घरातली. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं ते शोधलं. त्यांना बाळंतपणात मरणाऱ्या बायकांसाठीच ते हवं होतं. पण २१ देशांतल्या २०,०६० बायकांवरचा मोठा अभ्यास छापला जायला २०१७ साल उजाडलं. पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर येतात, असं त्यात दिसलं. उशीर झाला तर फायदा उरत नाही. औषध सापडल्यापासून ते बाळंतपणात उपयोगी आहे हे सिद्ध होईपर्यंत पंचावन्न वर्षं गेली. कास्ट्रप यांच्या पुडीत याच औषधाला चालतं केलंय. शिरेतून द्यायच्या औषधाला शीर सापडावी लागते, आणि रक्त गेलेल्या बाईची शीर सहज सापडत नाही. पूड थेट रक्त वाहतंय तिथं ठेवायची असल्यानं तिचं मोल इथं कळतं.

पूड डहाणूत येण्याआधी

ती पूड अजून बाळंतपणाच्या खोलीत आलेली नाही. यायची असेल तर तीन प्रश्न तिला इथंच विचारावे लागतील.

पहिला उष्म्याचा. थ्रॉम्बिन हे प्रथिन आहे आणि प्रथिनं उष्णतेनं बिघडतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या उपकेंद्रातल्या कपाटात ती किती टिकेल? आणि ओल लागताच फसफसणारी पूड डहाणूच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत कशी सांभाळायची? शीतपेटी आणि कोरडी पेटी लागणार असेल, तर तिचा लवाजमा ऑक्सिटोसिनपेक्षा जड झाला.

दुसरा सिकलसेलचा. सिकलसेल असलेल्या माणसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. रक्त गोठवणारं औषध प्रवाहाच्या उलट रक्तवाहिनीत शिरणार असेल, तर ते या बाईत कुठं थांबेल? ज्या देशांत सिकलसेल विरळ आहे तिथल्या चाचण्यांतून याचं उत्तर मिळणार नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यातून कुणाला सिकलसेल आहे हे आधी कळलं, तर निदान प्रश्न नेमका विचारता येईल.

तिसरा संमतीचा. डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि त्याचं सर्पदंशावरचं काम डॉक्टरांपासून भगतांपर्यंत पोचलेलं आहे. म्हणजे संशोधनाची घडी इथं बसलेली आहे. पण कागदावर अंगठा घेण्याचा या भागाचा इतिहास कडू आहे. सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्यातून वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी जन्माला आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं, ते याच अनुभवातून. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये नोंदवलंय. कळा सुरू झालेल्या बाईसमोर प्रमाण मराठीतला छापील कागद धरून घेतलेली संमती ही संमती नव्हे. ती आधी, सातव्या-आठव्या महिन्यात, वारलीत बोलून आणि सासू-नवऱ्याच्या गराड्याबाहेर तिला विचारून घ्यायला हवी. माहेरघर योजनेत बाळंतपणाआधी आरोग्य केंद्रापाशी राहायला आलेल्या बाईशी असं बोलायला वेळही मिळतो आणि जागाही.

जो येत नाही त्याच्याकडे जाणं

औषधानं दुखण्याकडे चालत जावं, ही कल्पना इथल्या मातीला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. खेळणी गावात मिळणाऱ्या वस्तूंची केली, कारण विकतची आणली असती तर ती शाळा एका पाड्यापुरतीच उरली असती. अंगणवाडी देशभर पसरली, त्यात कल्पनेइतकाच वाटा तिच्या हलक्या सामानाचा होता.

शेजारच्या जव्हार तालुक्यात डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोननं करोनाच्या ३०० लसी झापला पोचवल्या. रस्त्यानं चाळीस मिनिटं लागणारं अंतर नऊ मिनिटांत कापलं. बातमी मोठी झाली. पण असा प्रयोग रोजचा व्हायचा तर उडवणारा माणूस, बॅटरी, परवानगी आणि पैसा रोज लागतो. बेळगावच्या पिशवीला यातलं काही लागत नाही, म्हणून ती चार देशांत गेली.

महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. देशाचं ९७ होतं. हा आकडा खाली आला तो १०८च्या गाड्या, आशाताई, परिचारिका, रक्तपेढ्या आणि गोळ्या यांच्या जोरावर. उरलेल्या मृत्यूंत आडव्या वाटांवरचेही आहेत, आणि शेवटचे काही मिलिमीटर स्वतः चालणारी पूड या वाटांची जागा घेऊ शकत नाही. ती फार तर तासभर मिळवून देईल. त्या तासात गाडी पोचली आणि रुग्णालयात रक्ताची पिशवी असली, तरच त्या तासाला अर्थ आहे.

म्हणून तळेगाव, बंगळुरू, मुंबईच्या प्रयोगशाळांत पुढची कॅप्सूल कागदावर रेखली जाईल तेव्हा कासा किंवा तलासरीच्या प्रसूतिगृहातली एक परिचारिका त्या टेबलाशी बसलेली असावी. चाचणीच्या वेळी बोलावून उपयोग नाही, आराखड्याच्याच वेळी बोलवायला हवं. ती सगळ्यात आधी विचारेल, हे ठेवायचं कुठं, एका हातानं उघडेल का, आणि दिवे गेले असताना वापरता येईल का. या तीन प्रश्नांना ज्या यंत्राकडे उत्तर आहे, ते बनवायला घ्यावं.